अकरा कप विकले गेले, हिशेब मात्र चुकला

प्रश्न असा आहे: एकोणीस वर्षांची मुलगी, दीड वर्षापासून कुंभारकामाच्या चाकावर बसते. तिने केलेले २४ कप पहिल्यांदाच एका दोन दिवसांच्या हस्तकला प्रदर्शनात मांडले. अकरा गेले, त्यातले सात ओळखीच्यांनी घेतले. "एवढ्या पैशात मशीनचे सहा येतात," असं एका बाईंनी सुनावल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तिने किंमत निम्मी केली. आठवड्याभरात एका कपाचा कान निखळला आणि घेणाऱ्याचा फोन आला. एका गृहस्थांना 'अगदी तसेच' चाळीस कप हवे आहेत. किंमत चुकली का, कान का निघाला, ऑर्डर घ्यावी का आणि मुळात आपण विकण्याच्या भानगडीत पडावं का, असं ती विचारते.

किमतीपासून सुरुवात करते, कारण तू सगळ्यात जास्त त्यावरच लिहिलं आहेस. 'एक कप करायला दहा मिनिटं लागतात, त्या मानाने किंमत लावली,' असं तू म्हणतेस. ही दहा मिनिटं नुसती चाकावरची झाली. इथे सगळ्यांची फसगत होते. माझीही पाच-सहा वर्षं होत राहिली. चाक हा या कामातला सगळ्यात गोड भाग आहे आणि सगळ्यात छोटाही.

बारा कपांचा एक घाणा धर. माती मळून, गोळे तोलून कप ओढायला दीड तास. दुसऱ्या दिवशी तळाची जादा माती सोलायला दीड तास. कान ओढून लावायला दोन तास, तेही हात बसलेला असेल तर. वाळल्यावर कडा पुसून पहिल्या भाजणीसाठी भट्टी भरायला अर्धा. तळाला मेण लावायचं, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) ढवळून गाळायचं, कप बुडवायचे, ओघळ पुसायचे, त्याला दोन तास. भट्टी उतरवून तळ घासायला अर्धा. झाले आठ तास. बारातले दोन कुठे ना कुठे जातात: एकाला तडा, एकाचं ग्लेझ ओघळून शेल्फला चिकटलेलं. उरले दहा. ४८० मिनिटं भागिले दहा, म्हणजे एका चांगल्या कपाला ४८ मिनिटं. माती, ग्लेझ आणि भट्टीची वीज यात अजून धरलीच नाही.

आता तू न केलेला हिशेब. प्रदर्शनात दोन दिवस, रोज आठ तास धरले तर सोळा तास तू किंवा तुझी बहीण टेबलामागे होतात. ९६० मिनिटांत अकरा कप, म्हणजे दर कपाला जवळपास ८७ मिनिटं. कप करायला लागला त्याच्या पावणेदोन पट वेळ तो विकायला लागला. पेट्या बांधणं, नेणं, आणणं, उरलेले तेरा कप पुन्हा कागदात गुंडाळणं वेगळंच. आणि या सगळ्या वेळाची किंमत तू शून्य धरलीस.

हा आकडा बघून घाबरू नको, आणि सगळा पहिल्याच गिऱ्हाइकाकडून वसूल करायलाही जाऊ नको. पहिल्या खेपेला टेबल मांडायलाच जास्त वेळ जातो, बोलायचं काय ते सुचत नाही, सुट्टे पैसे नसतात. पण विकणं हे काम आहे, तेही मोठं काम आहे, एवढं त्यातून दिसतं ना? माझा स्वतःचा ठोकताळा सांगते. माल, भट्टी आणि माझ्या तासांची मजुरी मिळून जो आकडा येतो त्याची दुप्पट मी टेबलावर लिहिते. वरचा अर्धा हा विकणाऱ्याचा. विकणारी मीच असले तर तो माझा. दुकानाने विकलं तर दुकानाचा. विक्रीवर माल ठेवून घेणारी दुकानं साधारण चाळीस ते पन्नास टक्के कापून घेतात, ते ऐकून नव्या कलाकाराच्या कपाळावर आठी येते. मलाही वाटायचं की ही लूट आहे. मग एकदा तीन दिवस टेबलामागे उभी राहिले आणि दुकानदाराबद्दलचा राग बराच उतरला.

तुझ्या लिहिण्यात एक वाक्य तू सहज टाकून गेलीस: दुसऱ्या दिवशी सकाळी तू जरा बाहेर गेलीस आणि दोन तासांत बहिणीने पाच कप विकले. पुढे तिचा उल्लेखच नाही. अगं, अकरातले पाच तिचे! तिने कप केले नव्हते, म्हणून ती कपाबद्दल मोकळेपणाने बोलू शकली. "हा धरून बघा, बोट छान बसतं," हे ती सरळ म्हणत असणार. तुझ्या तोंडातून तेच स्वतःची स्तुती केल्यासारखं निघतं, म्हणून तू गप्प बसतेस किंवा "थोडा वाकडा झालाय" असं आधीच सांगून टाकतेस. बरोबर ना? मी पहिल्या वर्षी प्रत्येक वाडग्याचा दोष गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवायचे. त्याला तो दिसलेलाही नसायचा.

ही अडचण आजची नाही. आल्ब्रेख्ट ड्यूरर हा जर्मन चित्रकार १५०५ ते १५०७ या काळात व्हेनिसला होता. तेव्हा त्याची छापचित्रं विकायला त्याची बायको आग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेला जायची आणि आई न्यूरेंबर्गच्या बाजारात विकायची. पुढे १५२०-२१ मध्ये तो नेदरलँड्सला गेला तेव्हा आग्नेस बरोबर होती, आणि कोणाला किती चित्रं विकली, किती भेट दिली, खर्च किती झाला हे तो रोज टिपून ठेवत होता. एवढा मोठा माणूस, पण हिशेबाला लाजला नाही. तूही एक वही कर. किती विकले एवढंच लिहू नको. कुठला कप उचलला गेला आणि परत ठेवला गेला, तेही लिही. सहा जणांनी उचलून खाली ठेवलेल्या कपात काहीतरी खोट असते, बहुधा वजनाची. डोळ्याला आवडला, हाताला नाही.

त्या बाईंचं बोलणं आता. "एवढ्यात मशीनचे सहा येतात" हे खरं आहे, त्यावर वाद घालू नये. मी इतकंच म्हणते, "हो, येतात." आणि थांबते. पुढचं वाक्य त्यांना बोलू द्यायचं. अर्ध्या वेळा त्या स्वतःच म्हणतात, "पण हा रंग छान आहे." उरलेल्या अर्ध्या वेळा निघून जातात, कारण त्यांना सहाच हवे असतात आणि त्यात चूक काही नाही. तू मात्र त्यांचं बोलणं मनावर घेऊन दुपारी किंमत निम्मी केलीस. ही तुझी सगळ्यात महाग चूक आहे, आणि पैशाहून जास्त वेगळ्याच कारणासाठी. त्याआधी पूर्ण किमतीला घेऊन गेलेली तुझी ओळखीची माणसं! त्यातलं कोणी त्या दुपारी परत आलं असतं तर? तू म्हणतेस की निम्म्या किमतीला संध्याकाळपर्यंत फक्त एक कप गेला. म्हणजे अडत किमतीपाशी नव्हतंच.

कमी करायचंच असेल तर वस्तूची किंमत तशीच ठेव आणि वस्तू बदल. बिनकानाचा छोटा प्याला ठेव. कानाचे दोन तास वाचतात, त्या मानाने तो स्वस्त देता येतो आणि कोणाला वाईट वाटत नाही. टेबलावर एक स्वस्त, एक मधली आणि एक मुद्दाम महाग वस्तू असावी. महाग वस्तू बहुतेक विकली जात नाही, पण तिच्या शेजारी मधली परवडणारी दिसू लागते. तुझ्या टेबलावर २४ कप आणि सगळ्यांची किंमत एक, म्हणजे घ्या किंवा जा.

सात ओळखीच्यांनी घेतले याचं तुला वाईट वाटतं. का? पहिले गिऱ्हाईक जवळचेच असतात. फक्त त्यांच्या कौतुकाला बाजारभाव समजू नको. मावशी कप घेते तेव्हा ती तुला घेते. अनोळखी चौघांनी काय घेतलं ते वहीत ठळक लिही.

माझ्या पहिल्या प्रदर्शनातला एक अनोळखी माणूस मला अजून आठवतो. वय झालेले गृहस्थ होते. त्यांनी वाडगा उचलला, आत पाहिलंसुद्धा नाही, सरळ उलटा केला, तळाच्या कड्यावरून अंगठा गोल फिरवला, परत ठेवला आणि काही न बोलता पुढे गेले. मी मनात म्हटलं, काय विचित्र माणूस. रात्री घरी तोच वाडगा टेबलावर सरकवला आणि लाकडावर पांढरी रेघ उठली. तळ खरखरीत राहिला होता. तेव्हापासून प्रत्येक तळ मी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासते आणि स्वतःच्या गालाला लावून बघते. बोट फसतं, गाल फसत नाही.

आता कान. इथे जरा रेंगाळते, कारण गरम पेय भरलेल्या कपाचा कान हातात राहणं हा नुसता तक्रारीचा विषय नाही, कोणाचा हात भाजू शकतो. सगळ्यात आधी तो मोडका कप परत मागवून घे आणि सांध्याकडे उजेडात नीट बघ. तुटलेला भाग गुळगुळीत असेल, त्यावर तू मारलेल्या रेघोट्या जशाच्या तशा दिसत असतील, तर तो सांधा कधी जुळलाच नव्हता. ग्लेझने वरून धरून ठेवला होता इतकंच. चिरेच्या कडेचं ग्लेझ गोलसर, वितळून आत वळलेलं असेल तर चीर ग्लेझच्या भाजणीच्या आधीचीच. कड धारदार, काचेसारखी तुटलेली असेल तर भट्टी थंड होताना किंवा त्यानंतर तडा गेला. मातीतलं क्वार्ट्झ हे खनिज ५७३ अंश सेल्सिअसला आकारमान बदलतं, म्हणून त्या टप्प्यावर भट्टी घाईने थंड झाली तर भांडं फुटतं. पण तू भट्टी दुसऱ्या दिवशी उघडलीस म्हणतेस, तेव्हा ते नसावं.

माझा अंदाज वेगळा आहे. 'कप संध्याकाळी ओढले, कान दुसऱ्या दिवशी दुपारी लावले,' असं तू लिहिलंस, आणि मधल्या वेळात कप झाकल्याचा उल्लेख नाही. कप चामड्यासारखा घट्ट झाला होता किंवा त्याच्याही पुढे गेला होता, आणि कान नुकताच ओढलेला, ओला. ओली माती वाळताना जास्त आटते, अर्धवट वाळलेली कमी. दोघं एकमेकांना ओढत राहतात आणि सांधा आतून सुटतो. वरून काही दिसत नाही. उपाय साधा आहे, फक्त धीर लागतो: कप आणि कान सारखेच ओले हवेत. कान ओढून तासभर कमानीत ठेव म्हणजे तो घट्ट होईल, कप प्लॅस्टिकखाली ठेव म्हणजे तो थांबेल. दोन्हीकडे खोल रेघोट्या मार, त्याच मातीची दाट रबडी लाव, कान जरा हलवत दाबून बसव, म्हणजे मधली हवा निघते. मग पुन्हा झाकून दोन दिवस सावकाश वाळू दे. कान पातळ असतो, तो आधी वाळतो, म्हणून शेवटी काही वेळ फक्त कानावर प्लॅस्टिकची पट्टी टाकते मी.

उरलेले तेरा कप त्याच घाण्यातले असतील तर विकू नको. एकेक घे, बोटाच्या पेराने टिचकी मार. चांगला कप खणखणतो, तडा असलेला बद्द वाजतो. मोरीत ठेवून उकळतं पाणी भर, ओत, पुन्हा भर, आणि पाणी ओतून दिल्यावर कान धरून जोर लाव. विकलेले दहा कपही त्याच घाण्यातले असतील तर ज्यांचा नंबर तुझ्याकडे आहे त्यांना आजच फोन कर. सातजण तर घरचेच आहेत. तक्रार करणाऱ्याला काय बोलू म्हणून तू तीन दिवस थांबली आहेस. "सांधा कच्चा राहिला, चूक माझी. नवा कप देते किंवा पैसे परत करते, तुम्ही सांगा. मोडका तेवढा परत द्या, मला बघायचा आहे." एवढंच. माती, हवामान, भट्टी यांच्या गोष्टी सांगू नको.

याच ओघात ग्लेझचंही बघून घे. खायच्या-प्यायच्या भांड्याला शिशाचं ग्लेझ चालत नाही. तू तयार ग्लेझ घेतेस, तर डब्यावर काय लिहिलंय ते वाच. घरी करायची चाचणी म्हणजे लिंबाची फोड रात्रभर कपात ठेवायची. सकाळी त्या जागी रंग उडाला किंवा चमक गेली तर तो कप पेन्सिली ठेवायला. फरक दिसला नाही म्हणजे ग्लेझ सुरक्षितच आहे असं मात्र ठरत नाही, तेवढं प्रयोगशाळेतच कळतं.

चाळीस कपांची ऑर्डर. घे, पण 'अगदी तसेच' या दोन शब्दांवर सही करू नको. आधी आकारच बघ. तुझी माती ओल्यापासून भाजेपर्यंत १२ टक्के आटते असं धर (तुझा आकडा स्वतः काढ, ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ मारून भाज आणि मोज). ९ सेंटिमीटर उंचीचा कप हवा तर ओला सव्वादहा सेंटिमीटर ओढावा लागेल. आणि बारा टक्के हे लांबीचे. आतली जागा तिन्ही बाजूंनी आटते, म्हणून ओला असताना ३०० मिलिलिटर मावणारा कप भाजल्यावर जेमतेम २०४ घेतो. नव्या माणसाला हा धक्का बसतोच. 'तसेच' कप म्हणजे त्याच मातीचे, त्याच वजनाच्या गोळ्याचे आणि त्याच उंचीला थांबलेले. तू गोळे तोलतेस का? तुझ्या फोटोतले कप बघून वाटतं, नाही.

चाळीस हवेत तर पन्नास ओढ. चार-सव्वाचार घाणे झाले, म्हणजे तेहतीस-चौतीस तास, शिवाय वाळायचे दिवस आणि भट्टीत किती मावतात ते. आधी दोन नमुने करून त्यांना दाखव. एक त्यांच्याकडे, एक तुझ्याकडे. उंचीत चार-पाच मिलिमीटरचा आणि रंगात थोडा फरक पडेल हे कागदावर लिहून दे. निम्मे पैसे आगाऊ घे. हे मागताना तुझी जीभ अडखळेल. बहिणीला मागू दे.

ते सवलत मागतील. एकगठ्ठा ऑर्डरला सवलत द्यावी का, यावर लोक उगाच भावनिक होतात. मघाचे दोन आकडे आठव. चाळीस कप केले म्हणून एका कपाची ४८ मिनिटं काही अर्धी होत नाहीत, फार तर चाळीसवर येतील. वाचतात ती ८७ मिनिटं, कारण विकायला उभं राहावं लागत नाही. सवलत द्यायची ती त्या भागातून. करण्याच्या भागाला हात लावलास की तुझ्या मजुरीतून त्यांना भेट दिल्यासारखं झालं.

आणि किंमत काम सुरू होण्यापूर्वी ठरव. ड्यूररचंच बघ. याकोब हेलर नावाच्या व्यापाऱ्याचं एक मोठं वेदीचित्र (चर्चमधल्या वेदीवर लावायचं चित्र) त्याने १३० गिल्डरला ठरवलं. मग काम वाढत गेलं, रंग महाग, बारकावे संपेनात, आणि त्याने २०० मागितले. दोघांत कडू पत्रव्यवहार झाला. शेवटी दोनशे मिळाले, पण १५०९ च्या ऑगस्टमध्ये तो लिहून गेला की असलं काम पुन्हा करणार नाही, आधीपासून छापचित्रांच्या कोरीवकामालाच धरून राहिलो असतो तर आज हजार गिल्डरने श्रीमंत असतो. एका ठशातून अनेक छाप निघतात, वेदीचित्र एकच. तुझे चाळीस कप या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतात.

बाकी किरकोळ. फोटो खिडकीच्या उजेडात काढ, एकात कप हातात धरलेला दाखव, त्याशिवाय आकार कळत नाही. दुकानात माल ठेवलास तर नगांची यादी, किंमत, वाटा आणि पैसे कधी मिळणार हे दोन प्रतींत लिहून सह्या घे. मी एका दुकानात एकोणीस वाडगे तोंडी बोलीवर ठेवले होते. दुकान बंद झालं, वाडगे कुठे गेले कोणास ठाऊक.

विकण्याच्या भानगडीत पडावं का, हे तू मला विचारू नये. दीड वर्ष हे काही फार नाही, तुझा हात अजून बदलतो आहे. विकायला लागलं की जे खपतं तेच हात पुन्हा पुन्हा करतो, ही भीती खरी आहे. म्हणून दर भट्टीत एक शेल्फ न विकायच्या वस्तूंचं ठेव. पण पुढच्या प्रदर्शनाचं तू ठरवलेलंच दिसतंय, नाहीतर 'पुढच्या वेळी टेबलावर कापड कुठल्या रंगाचं घालू' असं शेवटी विचारलं नसतंस. राखाडी किंवा कच्च्या कापसाचं, बिनछापाचं. आणि टेबल मांडायच्या आधी बहिणीशी बसून तिचा वाटा किती ते आकड्यात ठरव.